सर्दी-खोकला-ॲलर्जीची कॉम्बिनेशन औषधं घेताना स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं का आणि कशी वाचायची

मेडिकलमधून सर्दीची म्हणून आपण जी गोळी आणतो त्या एका गोळीत तीन-चार औषधं असतात, खोकल्याच्या सिरपमध्येही तसंच, आणि हे माहीत नसल्यामुळे तेच औषध दिवसात दोनदा-तीनदा वेगवेगळ्या नावांनी पोटात जातं. मी काउंटरवर उभं राहून औषधं देते, आणि मला रोज दिसणारी सगळ्यात काळजीची गोष्ट हीच आहे. ताप आला म्हणून एक गोळी, नाक गळतंय म्हणून दुसरी, शिंका येतात म्हणून रात्री ॲलर्जीची तिसरी, ढास लागते म्हणून वर सिरप. घेणाऱ्याला वाटतं चार त्रासांवर चार औषधं घेतली, पण आत बघाल तर पॅरासिटामॉल दोनदा आणि ॲलर्जीचं औषध तीनदा.

म्हणून पहिलं काम हे करा, पुढचा ब्रँड सोडा आणि स्ट्रिप उलटी करा. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत 'ईच टॅब्लेट कंटेन्स' किंवा सिरपवर 'ईच 5 एमएल कंटेन्स' असं लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जी नावं आणि आकडे आहेत ते खरं औषध, आम्ही दुकानात त्याला कंटेंट म्हणतो. अक्षरं फारच बारीक असतात, म्हाताऱ्या माणसांना तर दिसतच नाहीत, तेव्हा मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला लावा नाहीतर दुकानातच सांगा की कंटेंट वाचून दाखवा आणि कशासाठी काय आहे ते सांगा, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि फार्मासिस्टचं ते कामच आहे.

आता आत काय काय असतं ते सांगते. सर्दीच्या नेहमीच्या गोळीत साधारण पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामाइन 2 मिलिग्रॅम, फिनाइलेफ्रिन 5 किंवा 10 मिलिग्रॅम आणि बऱ्याचदा कॅफिन 30 मिलिग्रॅम असं असतं. पॅरासिटामॉल ताप आणि अंगदुखीसाठी, क्लोरफेनिरामाइन शिंका आणि नाक गळणं कमी करायला आणि यानेच झोप येते, फिनाइलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं, कॅफिन तरतरी यावी म्हणून. काही गोळ्यांत क्लोरफेनिरामाइनच्या जागी सेटिरिझिन असतं. खोकल्याच्या सिरपमध्ये दोन घराणी आहेत. कोरडा खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमिथॉर्फन किंवा कोडीन, आणि कफ पातळ करून बाहेर काढायला मदत करणारं अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन. काहींत छाती मोकळी करणारं लिव्होसाल्बुटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं, खरं तर ते दम्यासारख्या घरघरीचं औषध आहे, साध्या खोकल्याला त्याची गरज नसते आणि त्याने हात थरथरतात, छातीत धडधडतं, मग माणूस घाबरून विचारतो की मला हार्टचा त्रास सुरू झाला का.

पॅरासिटामॉलचा हिशोब मात्र प्रत्येकाने स्वतः करायला शिकलंच पाहिजे. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून जास्तीत जास्त 4000 मिलिग्रॅम, ही वरची टोकाची मर्यादा आहे, रोजचं टार्गेट नाही. समजा कोणी डोलो 650, म्हणजे 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी, दिवसातून चार वेळा घेतली तर झाले 2600. त्याच्यासोबत सर्दीची 500 वाली गोळी तीन वेळा, ते 1500. दोन्ही मिळून 4100, म्हणजे कुठलंही औषध 'जास्त' न घेता, दोन्ही स्ट्रिपांवर लिहिल्याप्रमाणे घेऊनसुद्धा मर्यादा ओलांडली. ज्यांना लिव्हरचा त्रास आहे, जे रोज दारू घेतात, ज्यांचं वजन कमी आहे किंवा आजारपणात ज्यांचं जेवणच तुटलंय त्यांची मर्यादा याहून बरीच खाली असते, त्यांनी डॉक्टरांना विचारून आकडा ठरवायचा. आणि क्रोसिन, डोलो, कॅलपोल ही नावं वेगळी पण आतलं औषध एकच, त्यामुळे 'क्रोसिनने उतरला नाही म्हणून तासाभरात डोलो दिली' असं करू नका, मधे निदान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्या.

ॲलर्जीच्या औषधाचं डबल होणं तर याहून जास्त घरांत होतं. मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिनची 10 आणि 5 मिलिग्रॅमवाली गोळी आजकाल इतकी कॉमन झालीय की लोक ती किराणा सामानासारखी महिन्याची आणून ठेवतात, आणि मग सर्दी झाली की वर क्लोरफेनिरामाइनवाली सर्दीची गोळी, वर डायफेनहायड्रामिनवालं सिरप. लिव्होसेटिरिझिन, क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामिन ही तिन्ही एकाच जातीची औषधं. परिणाम काय तर दिवसभर डोक्यात झापड, तोंड कोरडं, पाय लटपटतात. लिव्होसेटिरिझिन किंवा सेटिरिझिन दिवसातून एकदाच घ्यायचं असतं, आणि किडनीचा त्रास असणाऱ्याला त्याहूनही कमी. मॉन्टेलुकास्टबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते, त्याने काही जणांना भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार असे मनावर परिणाम होतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, 2020 मध्ये त्यावर सगळ्यात कडक दर्जाची वॉर्निंग टाकली. लहान मूल ही गोळी सुरू झाल्यावर अचानक रात्री ओरडून उठायला लागलं किंवा स्वभावच बदलला तर ते अंगात काही आलं वगैरे नाही, लगेच डॉक्टरांना सांगा.

मुळात आपल्याला सर्दी आहे का ॲलर्जी हे नीट बघितलं तर निम्मी औषधं लागतच नाहीत. ताप नाही, अंग दुखत नाही, पण सकाळी उठल्या उठल्या शिंकांची रांग, नाकातून पाणी, डोळ्यांना आणि टाळूला खाज, धूळ झटकली किंवा गाजरगवत फुललं की वाढतं, असं असेल तर ती ॲलर्जी आहे. त्याला पॅरासिटामॉल कशाला? एकच साधी ॲलर्जीची गोळी पुरते, आणि वर्षभर त्रास असेल तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्टिरॉइड स्प्रे गोळीपेक्षा जास्त चांगलं काम करतो, स्टिरॉइड शब्दाला लोक बिचकतात पण तो स्प्रे नाकापुरताच जवळपास राहतो. उलट नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे ड्रॉप्स तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका, नंतर औषधाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीशिवाय झोपूच शकत नाही.

फिनाइलेफ्रिनचं तर वाईट वाटतं. अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये सगळा पुरावा बघून सांगितलं की हे औषध तोंडावाटे घेतलं तर नाक मोकळं करत नाही, आणि 2024 मध्ये एफडीएने ते सर्दीच्या औषधांतून काढायचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे ते अजून बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत आहे. फायदा नाही आणि बीपी, हार्ट, थायरॉइड वाढलेला असणाऱ्यांना मात्र सांभाळून राहायला लागतं, त्यामुळे बीपीच्या पेशंटने सर्दीची गोळी मागताना पहिलं वाक्य 'मला बीपी आहे' हेच बोलायचं. नाक चोंदलंय तर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे ड्रॉप्स घ्या, तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना चालतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा परिच्छेद जरा नीट वाचा. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही जुन्या पद्धतीची ॲलर्जीची औषधं म्हाताऱ्या शरीराला जड जातात. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडकते, अगदी नळी घालून काढायला लागेपर्यंत, आणि घरच्यांना कळतच नाही की हे काल रात्रीच्या सर्दीच्या गोळीने झालं. काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब एकदम वाढू शकतो. बद्धकोष्ठ होतं, विसरल्यासारखं असंबद्ध बोलणं होतं, आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. आजोबांना सर्दी झाली तर मिठाच्या गुळण्या, सलाइन, गरम पाणी, लागलीच तर नुसतं पॅरासिटामॉल, आणि शिंका फारच असतील तर डॉक्टरांना विचारून कमी गुंगीची नवीन गोळी जसं फेक्सोफेनाडिन. आणि रात्रीच्या झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर सर्दीची गोळी कुणालाच नाही. गाडी चालवणाऱ्यांनी, एसटीचे ड्रायव्हर असोत की डिलिव्हरीची पोरं की कंपनीत मशीनवर नाइट शिफ्ट करणारे, घेताना आधी विचारा याने झोप येते का, कारण रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी कामावर जातानाही उरलेली असू शकते आणि आपल्याला वाटतं आपण जागे आहोत.

डिप्रेशन किंवा एन्झायटीची गोळी चालू असेल, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, तर डेक्स्ट्रोमिथॉर्फनवालं सिरप डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. दोन्ही मिळून शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त होऊ शकतं, मग घाम, थरथर, बेचैनी, ताप, आणि वाढलं तर जिवावर बेततं. लोक मनाच्या आजाराची गोळी चालू असल्याचं काउंटरवर चारचौघांत सांगत नाहीत, मी समजू शकते, पण मग ती स्ट्रिप दाखवा किंवा फोनवर नाव टाइप करून दाखवा, बोलायची गरज नाही. टीबीसाठी लिनेझोलिड चालू असणाऱ्यांनाही हेच लागू.

आता सिरपची गडबड. कफवाला ओला खोकला असताना दाबणारं औषध घेतलं तर जो कफ बाहेर पडायला हवा तो आत राहतो, म्हणून आधी ठरवा खोकला कोरडा का ओला. आणि ब्रँडचं मूळ नाव तेच असलं तरी पुढची अक्षरं सोडू नका, अस्कोरिल एलएस आणि अस्कोरिल डी ही दोन वेगळी औषधं आहेत, एक कफ सैल करणारं आणि एक खोकला दाबणारं, आणि 'मागच्या वेळी अस्कोरिल दिलेलं तेच द्या' असं सांगून माणूस घरी भलतंच घेऊन जातो. डायबेटिस असेल तर साखर नसलेलं सिरप मागा. कोडीनवाल्याची सवय लागते, ते चिठ्ठीशिवाय मागू नका आणि कुणी देत असेल तरी घेऊ नका, बारा वर्षांखालच्या मुलाला तर अजिबातच नाही कारण श्वास मंदावतो.

लहान मुलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पाच वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं कॉम्बिनेशन आपल्या मनाने द्यायचंच नाही. डिसेंबर 2023 मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन 2 आणि फिनाइलेफ्रिन 5 मिलिग्रॅमच्या ड्रॉप्सवर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असं छापायला सांगितलं. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. ही सूचना आली ती छिंदवाड्याच्या मुलांमुळे. मध्य प्रदेशात कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं, चालतं ते जेमतेम 0.1 टक्का, वीसहून जास्त मुलांच्या किडन्या बंद पडून ती गेली, त्यातल्या बऱ्याच मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. महाराष्ट्र एफडीएने तेव्हा त्या सिरपच्या एसआर-13 या बॅचबद्दल इशारा काढला. हे विष आपल्याला नवीन नाही, 1986 मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरीनमुळे 14 जण गेले होते, त्याच्या चौकशीसाठीच लेंटिन आयोग बसला होता. बाटलीकडे बघून, वास घेऊन हे ओळखता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की बिल घ्यायचं, बिलावर बॅच नंबर असल्याची खात्री करायची, बातमी आली की बाटलीवरचा नंबर जुळवायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या औषधाची मुलाला गरजच नाही ते मुळात आणायचं नाही. औषध दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, सारखी उलटी होतेय, मूल सुस्त पडलंय, तर एक तासही थांबू नका.

मग बाळाला द्यायचं काय, तर नाकात सलाइन, थोडं थोडं पण सारखं पाणी किंवा दूध, आणि एक वर्ष पूर्ण झालं असेल तर रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका, पहिल्या आंघोळीला चाटवायची पद्धत कितीही जुनी असली तरी, मधातून बोट्युलिझम या बाळाला लुळं पाडणाऱ्या आजाराचे जंतू जाऊ शकतात. वाफेचं भांडं मुलासमोर ठेवू नका, भाजल्याच्या केसेस खूप होतात. ताप असेल तर एकटं पॅरासिटामॉल, वजनावर, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम एका वेळी. इथे एक भयंकर चूक होते ती लक्षात ठेवा, पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स बऱ्याचदा दर एका एमएलमध्ये 100 मिलिग्रॅम असतात आणि सिरप 5 एमएलमध्ये 120, 125 किंवा 250. म्हणजे सिरपसारखे 5 एमएल ड्रॉप्स पाजले तर 500 मिलिग्रॅम गेले, 125 च्या जागी चौपट. त्यामुळे डॉक्टरांनी 'पाच एमएल' सांगितलं की कुठल्या बाटलीचे ते बाटली दाखवून विचारा, आणि नवीन बाटली आणली की आकडा परत बघा. घरातला चमचा वापरू नका, कुठला तीन एमएलचा निघतो कुठला सात एमएलचा, बाटलीवरचं खुणांचं झाकण किंवा दुकानात मिळणारी बिनसुईची सिरिंज वापरा. सस्पेन्शन लिहिलं असेल तर आधी खळखळून हलवा नाहीतर एका दिवशी वरचं पाणी आणि दुसऱ्या दिवशी तळाचं सगळं औषध पोटात जातं.

खोकला किती दिवस चालेल याचीही कल्पना असू द्या. साधा व्हायरल खोकला सर्दी गेल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो, पाचव्या दिवशी बाटली बदलून, आठव्या दिवशी आणखी जालीम काहीतरी मागून तो लवकर जात नाही. पण दोन आठवडे झाले की थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते, सिरपवर सिरप पिण्यात महिने घालवू नका. आणि नवीन बीपीची गोळी सुरू झाल्यापासून घशात कोरडी उबळ येते का ते आठवा, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल यांनी काही जणांना कोरडा खोकला होतो आणि तो कुठल्याच सिरपने जात नाही, डॉक्टर गोळी बदलून देतात तेव्हाच जातो, ती गोळी मात्र आपणहून बंद करू नका. मूल खोकतंय आणि श्वास जोरात चाललाय, पोट उडतंय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, तर मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो, सरळ दवाखाना. मोठ्यांनी खोकल्यातून रक्त, छातीत दुखणं, धाप, वजन उतरणं यातलं काहीही असलं तर केमिस्टकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा.

गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई, यांना कॉम्बिनेशन नको, जे काही घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून आणि एक-एक वेगळं.

स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही. शेजारणीच्या चिठ्ठीवरचं, मागच्या पावसाळ्यात उरलेलं, असं काही काढू नका, कारण सरकारने 2016 मध्ये 344 आणि 2024 मध्ये 156 कॉम्बिनेशनं बंद केलीत, 2023 मध्येही 14 केली आणि त्यात खोकल्याची बरीच होती, तुमच्या डब्यातली जुनी बाटली त्यातलीच असू शकते. सिरप उघडलं की पेनाने बाटलीवर तारीख टाका, लेबलवर उघडल्यावर किती दिवस वापरायचं ते लिहिलं असेल तेवढंच वापरा.

आणि चुकून जास्त गेलं, किंवा पोरानं गोड लागतं म्हणून बाटलीच तोंडाला लावली, तर उलटी काढायला मीठपाणी पाजत बसू नका. पॅरासिटामॉलचा घात असा की पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो, थोडी मळमळ एवढंच, आणि लिव्हर दोन ते चार दिवसांनी बसतं. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून ठीक दिसतंय म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही, 108 ला फोन लावा किंवा रिक्षा पकडा, आणि निघताना ती बाटली, रिकामी स्ट्रिप, जे असेल ते पिशवीत टाकून बरोबर न्या, किती उरलंय आणि आत काय होतं ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.